पॉइंट गार्डमुळे सहकारी खरोखर सुधारतात का?

वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून माटुंग्यातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघातून पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे आणून सहकाऱ्यांना पास देणारा खेळाडू म्हणून, खेळतो. तो मैदानात असला की बाकीचे चौघेही चांगले खेळतात, असे त्याचे प्रशिक्षक नेहमी सांगतात. स्कोअरशीटवर मात्र त्याच्या नावापुढे चार-सहा गुणांपलीकडे फारसे काही दिसत नाही. नुकत्याच झालेल्या एका निवड चाचणीत त्याला वगळण्यात आले आणि ज्या मुलांचे गुण अधिक होते त्यांची निवड झाली. एक खेळाडू दुसऱ्यांना अधिक चांगले बनवतो, असे खरोखर घडते का, की ही नुसती समजूत घालण्याची भाषा आहे? आणि घडत असेल, तर ते ओळखायचे कसे?
— एक पालक, माटुंगा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी वेगळे करू. सहकाऱ्याचे कसब वाढते का, हा एक प्रश्न; आणि त्याच्याकडे आहे त्या कसबाचे चीज होते का, हा दुसरा. चांगला पॉइंट गार्ड दुसरे काम निश्चितपणे करतो आणि पहिले फार क्वचित करतो, असे माझे मत आहे. पण ते दुसरे काम इतके मोलाचे आहे, की केवळ त्यासाठी संघातील एक जागा राखून ठेवली तरी मला ते योग्यच वाटेल.

मी स्वतः पॉइंट गार्ड कधीच नव्हते. कॉलेजच्या संघात मी फॉरवर्ड खेळत असे आणि उजव्या बाजूच्या पंचेचाळीस अंशांच्या कोनातून मारलेला शॉट हीच माझी खरी मिळकत होती. माझे चेंडू पकडणे मात्र कच्चे होते. गुडघ्याच्या उंचीवर पास आला की तो सावरून वर आणेपर्यंत माझी लय जात असे. आमच्या पॉइंट गार्डने हे कोणाशीही न बोलता पंधरा दिवसांत हेरले. तिचा पास माझ्या छातीच्या उंचीवर, किंचित उजवीकडे आणि नेमका माझा डावा पाय जमिनीवर टेकत असताना यायचा. उजवा पाय जोडून घ्यायचा आणि शॉट सोडायचा, एवढेच काम मला उरत असे. बारावीच्या परीक्षेमुळे ती एक संपूर्ण स्पर्धा खेळू शकली नाही. तिच्या जागी आलेली मुलगी तिच्याहून चपळ होती, ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देत नेणे, हेही तिचे अधिक चांगले होते, पण तिचे पास कधी पायाशी, तर कधी मी धावत असताना मागच्या खांद्याकडे यायचे. मी त्याच जागेवरून तेच शॉट घेतले आणि ते चुकत राहिले. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी माझा फॉर्म गेला असे ठरवून मला सायंकाळी दोनशे शॉट जादा मारायला लावले. हात तोच होता आणि नजरही तीच होती. हातात येणारा चेंडू मात्र बदलला होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

यात गूढ असे काही नाही. शूटर मोकळी असते ती अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी. तिच्यावर लक्ष ठेवणारी खेळाडू मदतीसाठी आत सरकलेली असते आणि पास सुटताच ती परत फिरते. पास जागच्या जागी आला तर ती पोहोचायच्या आत शॉट सुटलेला असतो. चेंडू गुडघ्यापासून वर आणावा लागला तर तिचा हात तोंडासमोर येतो. प्रेक्षकांना दोन्ही वेळा ‘अमुक जागेवरून घेतलेला शॉट’ एवढेच दिसते, पण ते दोन शॉट निरनिराळे असतात. ज्यांनी खो-खो पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. बसलेल्या खेळाडूचा वेग कितीही असला, तरी खो कोणत्या क्षणी मिळाला यावर त्याचा गडी सापडणार की निसटणार हे बरेचसे ठरते.

आता मोठ्या पातळीवरचा पुरावा पाहू. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये २००१ च्या उन्हाळ्यात जवळजवळ प्रयोगशाळेत घडावा असा प्रकार घडला. फिनिक्स सन्सने आपला पॉइंट गार्ड जेसन किड न्यू जर्सी नेट्सला दिला आणि नेट्सचा पॉइंट गार्ड स्टेफन मार्बरी स्वतःकडे घेतला. मार्बरी किडपेक्षा अधिक गुण करणारा खेळाडू होता. आदल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे २३.९ गुणांची होती, तर किडची १६.९ होती. अदलाबदलीनंतर मात्र ८२ सामन्यांपैकी २६ जिंकणाऱ्या नेट्सने ५२ सामने जिंकले आणि ५१ जिंकणारे सन्स ३६ वर आले. नेट्स त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अंतिम फेरीत पोहोचले. स्कोअरशीटवरील गुण पाहून निवड करणाऱ्यांनी हे एवढे उदाहरण तरी लक्षात ठेवावे.

तरीही हे सारे श्रेय किडच्या पदरात टाकणे मला योग्य वाटत नाही. आदला संपूर्ण हंगाम दुखापतीमुळे बाहेर असलेला केरी किटल्स त्याच वर्षी परतला होता आणि रिचर्ड जेफरसन हा नवा, ताज्या दमाचा खेळाडूही संघात आला होता. शिवाय नेट्सचे आक्रमण त्या हंगामात काही असामान्य नव्हते; त्यांचा बचाव लीगमधील अव्वल बचावांपैकी एक होता. पॉइंट गार्ड सहकाऱ्यांना सुधारतो असे म्हणताना आपण फक्त पासचा विचार करतो आणि ही बाजू विसरतो. समोरच्या गार्डला जो वरच्या वर रोखून धरतो, तो रिंगजवळ खेळणाऱ्या आपल्या उंच सेंटरला फाउलपासून वाचवतो. सेंटरला दर वेळी धावत येऊन भगदाड बुजवावे लागले, तर पाच फाउल व्हायला वेळ लागत नाही आणि मग लोक त्या सेंटरलाच बेशिस्त म्हणतात. तुमचा मुलगा बचावात काय करतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. पुढच्या सामन्यात तेवढे अवश्य पाहा.

दुसरे उदाहरण स्टीव्ह नॅशचे आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. २००४ मध्ये नॅश डॅलसहून फिनिक्सला गेला. आदल्या हंगामात २९ सामने जिंकणाऱ्या सन्सने ६२ जिंकले आणि नॅशला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला. त्या संघातील जो जॉन्सनचे आकडे पाहण्यासारखे आहेत. नॅश येण्याआधीच्या हंगामात त्याचे तीन गुणांचे ३०.५ टक्के शॉट जात होते. नॅशबरोबर ते प्रमाण ४७.८ टक्क्यांवर गेले. पुढच्या वर्षी जॉन्सन अटलांटा संघात गेला. तिथे चेंडू बहुतेक वेळ त्याच्याच हातात असे, त्यामुळे त्याच्या गुणांची सरासरी १७.१ वरून २०.२ पर्यंत वाढली, पण तीन गुणांच्या शॉटचे प्रमाण ३५.६ टक्क्यांवर उतरले. माझ्या मताचा सगळा आधार या तीन आकड्यांत आहे. नॅशने जॉन्सनला नवा हात दिला नव्हता, मोकळे शॉट दिले होते. नॅशची साथ सुटल्यावर ते शॉट गेले आणि थोडेसे जे टिकले, ती बहुधा जॉन्सनची स्वतःची प्रगती असावी.

याच गोष्टीची दुसरी बाजू डॅलसमध्ये दिसते. एवढा मोठा गार्ड गेल्यावर तो संघ कोसळायला हवा होता. प्रत्यक्षात डॅलसचे विजय ५२ वरून ५८ झाले आणि २००६ मध्ये तो संघ अंतिम फेरीतही पोहोचला. डर्क नोविट्झकी हा स्वतःचा शॉट स्वतः निर्माण करणारा खेळाडू होता. त्याला योग्य जागी चेंडू मिळाला की पुढचे तो पाहून घेत असे. ज्याला स्वतःला वाट काढता येते त्याला गार्डकडून कमी लाभ होतो आणि ज्याला येत नाही त्याला भरपूर होतो, असा याचा सरळ अर्थ आहे. शाळेच्या संघात स्वतः वाट काढणारी मुले एखाददुसरीच असतात, त्यामुळे शालेय पातळीवर चांगल्या गार्डचे महत्त्व एनबीएपेक्षाही अधिक असते, असे मी अनेक वर्षे मुलांना शिकवल्यानंतर खात्रीने सांगू शकते.

कसब वाढत नाही असे मी म्हटले, त्याला एक अपवाद आहे. मोकळ्या जागेत धावण्याची सवय ही गार्डमुळे लागते किंवा मोडते. फास्ट ब्रेकवर, म्हणजे चेंडू मिळताच केलेल्या झटपट चढाईत, दोन्ही कडांनी धावणाऱ्या मुलांना दहापैकी सहा वेळा चेंडू मिळाला, तर अकराव्या वेळी ती आपणहून धावतात. चेंडू कधीच आला नाही, तर तिसऱ्या सामन्यापासून ती अर्ध्या मैदानातूनच चालत येऊ लागतात आणि मग त्यांना आळशी ठरवले जाते. अशी मुले मी माझ्या सरावात पाहिली आहेत; गार्ड बदलल्यावर तीच मुले महिनाभरात धावू लागलेलीही पाहिली आहेत. ही सवय गार्ड गेल्यानंतरही काही काळ टिकते.

आता मोजमापाविषयी. तुम्ही असिस्टचे, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली अशा पासचे, आकडे मागाल, तर ते जपून वापरा. असिस्ट देणे हे स्कोअर टेबलावर बसलेल्या माणसाच्या निर्णयावर अवलंबून असते आणि त्याचे नियमही सर्वत्र सारखे नाहीत. पास मिळालेल्या खेळाडूवर शॉट मारताना फाउल झाला आणि त्याने निदान एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेला विनाअडथळा शॉट) घातला, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो; एनबीएमध्ये मिळत नाही. सहकाऱ्याचा मोकळा शॉट चुकला, तर उत्तम पासचीही कुठेच नोंद होत नाही. खेळाच्या वेगाचाही प्रश्न आहेच. एका सामन्यात सर्वाधिक ३० असिस्टचा विक्रम स्कॉट स्काइल्सने ३० डिसेंबर १९९० रोजी डेन्व्हरविरुद्ध केला. त्या हंगामात डेन्व्हरचा संघ इतक्या वेगाने खेळत होता, की त्याच्याविरुद्ध सामन्यामागे सरासरी १३०.८ गुण होत होते. आणि २०१५-१६ च्या हंगामात सामन्यामागे ११.७ असिस्ट देऊन लीगमध्ये पहिला आलेल्या राजॉन रोंडोचा सॅक्रामेंटो संघ ८२ पैकी ३३ सामनेच जिंकू शकला. असिस्ट पुष्कळ असणे आणि सहकारी सुधारणे या एकच गोष्टी नव्हेत.

तुम्ही प्रेक्षकांत बसून एक साधी वही करा. तुमच्या मुलाच्या ज्या ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच शॉट घेतला, त्या प्रत्येक वेळी शॉट गेला की चुकला हे न पाहता, पास घेताना सहकाऱ्याला वाकावे, थांबावे किंवा वळावे लागले का, एवढेच लिहा. दुसऱ्या पानावर तो मैदानात आला तेव्हाचा आणि बाहेर गेला तेव्हाचा दोन्ही संघांचा धावफलक टिपा. एका सामन्यातून काहीच ठरवू नका. आठ-दहा सामन्यांनंतर आकार दिसू लागेल. मात्र त्याच्या जागी येणारा मुलगा अगदीच नवखा असेल, तर फरक अवास्तव मोठा दिसतो, हे ध्यानात ठेवा. एनबीएच्या सर्व मैदानांवर २०१३-१४ पासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने प्रत्येक पासची नोंद होते आणि ज्यावर शॉट घेतला गेला पण गुण झाले नाहीत असे पासही मोजले जातात. तुमची वही त्याच कामाची आहे, फक्त हाताने केलेली.

निवड चाचणीबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण ती पद्धतच पॉइंट गार्डवर अन्याय करणारी आहे. अनोळखी मुलांचे पाच-पाचचे गट करून त्यांना पंधरा मिनिटे खेळायला लावायचे, म्हणजे प्रत्येक जण आपल्या निवडीसाठी स्वतःच शॉट मारणार हे उघड आहे. कोणाचा हात कुठे चालतो हे जाणण्यावर ज्याचे सारे कसब उभे आहे, त्याला पंधरा मिनिटांत ते कसे जाणता येईल? निवड करणाऱ्यांनी गार्डना निदान दोन दिवस एकाच गटाबरोबर खेळवून पाहावे, असे मी जिथे जिथे बोलण्याची संधी मिळाली तिथे सांगत आले आहे.

आणि एक गोष्ट मुलाच्या बाजूची नसली, तरी सांगणे भाग आहे. सामन्यामागे चार गुण हे कमी आहेत. गार्ड स्वतः शॉट मारणार नाही हे समोरच्यांना एकदा कळले, की त्याच्यावरचा खेळाडू दोन पावले मागे सरकतो आणि ज्या फटीतून पास जायचा तीच बुजवतो. जॉन स्टॉक्टनने युटा जॅझकडून १९ हंगामांत १५,८०६ असिस्ट दिले आणि तो विक्रम अजूनही अबाधित आहे. पण तो मोकळा सोडला तर निम्म्याहून अधिक शॉट घालणाराही होता, म्हणून सहकारी कार्ल मलोनकडे जाणारी वाट त्याच्यासाठी उघडी राहत असे. मुलाला फ्री थ्रो रेषेच्या आसपासून थांबून मारायचा एक शॉट पक्का करायला सांगा. सहकाऱ्यांसाठीच तो त्याला हवा आहे.

प्रश्न : मी नागपाड्याला राहतो, १९ वर्षांचा आहे आणि आमच्या संघात शूटर म्हणून खेळतो. आमचा पॉइंट गार्ड खूप चांगला आहे असे सगळे म्हणतात आणि असिस्टही त्याचेच सर्वांत जास्त असतात. पण तो वीस सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवतो आणि आम्ही चौघे उभे असतो. त्याच्यामुळे मी सुधारलो असे मला वाटत नाही. माझे चुकते आहे का?
— एक खेळाडू

उत्तर : तुझे चुकत नाही, आणि तू हे नेमक्या शब्दांत मांडलेस याचा मला आनंद वाटला. नागपाड्याच्या सिमेंटच्या मैदानांनी मुंबईला किती गार्ड दिले हे तुला सांगायला नको. तिथल्या संध्याकाळच्या खेळात ड्रिबलला जी दाद मिळते, ती साध्या छाती-पासला मिळत नाही, हेही तुला ठाऊक असेल.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ बसवला, तेव्हाच्या नियमांत चेंडू घेऊन धावायला मनाई होती. जिथे पकडला तिथूनच तो फेकावा लागे. ड्रिबल नंतर आले. मूळ खेळ पासचा आहे एवढ्यासाठी हे सांगत नाही. ड्रिबल हे चेंडू जागेवरून हलवण्याचे साधन आहे आणि त्यातून दोन बचाव करणारे एका खेळाडूकडे ओढले गेले तरच त्याचा उपयोग आहे, एवढे त्यातून घ्यावे. पिक अँड रोल नीट पाहा. सेंटर स्क्रीन लावतो (गार्डवरच्या बचावपटूची वाट अडवून उभा राहतो), गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो आणि क्षणभर दोघे बचावपटू गार्डसमोर येतात. त्याच क्षणी सेंटर रिंगकडे वळलेला असतो. चांगला गार्ड त्या वेळी सेंटरकडे पाहतच नाही; तो कोपऱ्यातून मदतीला येऊ शकणाऱ्या तिसऱ्या बचावपटूकडे पाहतो. तो आला तर कोपऱ्यातला शूटर मोकळा, नाही आला तर दोघांच्या मधून जमिनीवर टप्पा घेऊन गेलेला पास सेंटरच्या हातात. हा निर्णय एका सेकंदाच्या आतला आहे. तो क्षण निसटला आणि गार्डने आणखी चार ड्रिबल घेतले, की सगळे बचावपटू आपापल्या जागी परततात आणि वीस सेकंदांनंतर तुझ्या हातात येतो तो शिळा चेंडू. शॉट घेण्याची मुदत संपत आलेली असते, बचाव करणारा अंगावर असतो आणि शॉट तुला घ्यावाच लागतो. तो चुकला तर नोंद तुझ्या नावावर होते आणि गेला तर असिस्ट त्याच्या नावावर. तुला जे जाणवते आहे ते हेच आहे.

स्टीफन करीचा खेळ तू पाहत असशीलच. २०१५-१६ मध्ये त्याने तीन गुणांचे ४०२ शॉट घातले आणि त्याच्या संघाने ७३ सामने जिंकले. पास दिल्यानंतर तो काय करतो ते पाहा. चेंडू सोडताक्षणी तो धावू लागतो, दोन-दोन बचावपटू त्याच्या मागे ओढले जातात आणि ज्याला कोणी विचारणार नाही असा एखादा सहकारी रिंगखाली एकटा उरतो. त्या बास्केटच्या नोंदीत करीचे नाव कुठेही नसते. चेंडू हातात नसताना सहकाऱ्यांना मोकळे करणारा गार्ड मला सर्वांत मोठा वाटतो.

तुमच्या गार्डशी भांडू नकोस. त्याला सामन्यानंतर बाजूला घेऊन एकच गोष्ट सांग : अर्धे मैदान ओलांडल्यावर पहिला पास लवकर दे आणि तू पण धाव, चेंडू तुला परत मिळेल. आणि तो खरोखर परत द्यायचा, ही जबाबदारी तुम्हा चौघांची आहे. पुष्कळ गार्ड चेंडू धरून ठेवतात, कारण एकदा दिला की तो परत येत नाही याचा त्यांना अनुभव असतो. शिवाय तूही उभा राहू नकोस. तू उभा असशील तर तुझा बचावपटूही आरामात उभा राहून चेंडूकडे पाहू शकतो आणि गार्डला तुझ्याकडे पास टाकण्याची वाटच राहत नाही.

प्रश्न : मुलुंडमध्ये मी मुलींच्या संघाला प्रशिक्षण देते. माझ्याकडे उपजत दृष्टी असलेली एकही पॉइंट गार्ड नाही. ही दृष्टी शिकवता येते का? आणि हल्ली सेंटरच गार्डचे काम करतात असे म्हणतात, तर मी माझ्या उंच मुलीला हे काम देऊ का?
— एक प्रशिक्षिका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. हो, देऊन पाहा. २०२३ मध्ये डेन्व्हरने एनबीएचे विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांच्या आक्रमणाचा केंद्रबिंदू निकोला योकिच हा सेंटर होता, आणि फ्री थ्रो रेषेजवळ उभे राहून उंचीवरून सगळे मैदान पाहणे त्याला जेवढे सोपे जाते तेवढे कोणत्याही ठेंगण्या गार्डला जात नाही. मात्र आठ सेकंदांत चेंडू अर्धे मैदान ओलांडून नेण्यासाठी तुम्हाला कोणीतरी ड्रिबल करणारी मुलगी लागेलच.

उपजत दृष्टीवर माझा फारसा विश्वास नाही. ज्याला आपण दृष्टी म्हणतो तिच्यात मोठा वाटा सवयीचा आणि माहितीचा असतो. सवय अशी, की चेंडू हातात येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून एकदा पाहून घ्यायचे. चेंडू आल्यावर पाहायला लागलेल्या मुलीचा पास नेहमी उशिरा पोहोचतो. मी सरावात गार्डच्या मागे उभी राहून बोटे दाखवते आणि पास पकडताक्षणी किती बोटे होती ते विचारते. पहिल्या आठवड्यात मुली हसतात, तिसऱ्या आठवड्यात बरोबर आकडा सांगतात. पावसाळ्यात उघड्या मैदानावर शेवाळ धरले, की आम्ही पोते अंथरून पाणी टिपत बसण्यापेक्षा शाळेच्या व्हरांड्यात हाच सराव करतो; त्याला रिंग लागत नाही.

माहिती मात्र विचारूनच मिळते. २०१९ च्या ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो या एनबीए संघांचे सामने झाले. मोसमापूर्वीचे असूनही पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा संपला, आणि तो ज्यांनी पाहिला ते अजून त्या शेवटच्या मिनिटांबद्दल बोलतात. तुमच्या मुलींना असा कोणताही सामना दाखवाल, तेव्हा खेळ थांबलेल्या वेळात गार्ड काय करतात याकडे लक्ष द्यायला सांगा. फ्री थ्रोच्या वेळी, टाइमआउटहून परतताना ते सतत कोणाच्या तरी कानाशी बोलत असतात, हाताने जागा दाखवत असतात. आपल्याकडच्या मुली त्या वेळात कंबरेवर हात ठेवून धावफलक पाहतात.

तुमच्या गार्डला प्रत्येक सहकारी मुलीला विचारायला लावा, की तुला चेंडू कुठे हवा, किती उंचीवर हवा, थांबल्यावर हवा की धावताना हवा. उत्तरे एका कागदावर लिहून घ्या. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या संघात हे केले, तेव्हा चष्मा लावणारी एक मुलगी म्हणाली, “ताई, मला पास जरा वरून द्यायला सांगा ना. खाली आला की चष्म्याच्या काचेखालून धूसर दिसतो.” तिची गार्ड दोन वर्षे तिला टप्प्याचे पास देत होती आणि आम्ही सगळे तिला हात ढिले आहेत म्हणून ओरडत होतो. त्या दिवसापासून तिला छातीच्या वर पास जाऊ लागले.